शिटीनंतरची धडक

घाटकोपरच्या मैदानावर दिशा परबचा गुडघा गेला तेव्हा दोनशेएक माणसं बघत होती. नंतर त्यातल्या प्रत्येकाने एकच सांगितलं: गोंगाट एवढा होता की दीप्तीला शिटी ऐकूच गेली नसणार.

मुलींच्या कबड्डी संघाची जिल्हा निवड चाचणी होती ती. दिशा आणि दीप्ती घाग, दोघी मुलुंडच्या उगवती मंडळाच्या, शाळेपासून एकत्र खेळलेल्या. चाचणीत निवड समितीने मुली दोन संघांत वाटल्या आणि या दोघी समोरासमोर आल्या. बारापैकी अकरा नावं जवळपास ठरलेली होती. उरलेली एक जागा या दोघींपैकी एकीला मिळणार, हे मैदानाबाहेरच्या चहावाल्यालाही माहीत होतं.

दिशा चढाईला गेली. एकीला हात लावला, वळताना तिचा पाय रेषेबाहेर पडला आणि पंचांनी शिटी मारली. चढाई संपली. शिटी वाजली की खेळणाऱ्याचं अंग आपोआप सैल पडतं. रोखलेला श्वास सुटतो, गुडघे ढिले होतात, नजर पंचांच्या हाताकडे जाते. त्या सैल पडलेल्या अंगावर दीप्ती बाजूने येऊन आदळली. दीप्ती खांद्याने रुंद, वजनाने चांगली दहा-बारा किलो जास्त. दिशाचं शरीर एकीकडे फेकलं गेलं आणि रोवलेला पाय जागच्या जागी राहिला. गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज तिने स्वतःच्या कानांनी ऐकला.

जिल्हा संघात दीप्तीचं नाव लागलं. दिशाचं ऑपरेशन झालं.

दीप्ती दोनदा हॉस्पिटलात आली. दुसऱ्या वेळी रडलीसुद्धा. "आईशप्पथ दिशा, मला शिटी ऐकूच आली नाही गं," ती म्हणाली. दिशाने तिच्या डोळ्यांत बघितलं. ही पोरगी खोटं बोलताना खालचा ओठ दातांत धरते, हे तिला सातवीपासून ठाऊक होतं. ओठ दातांत होता.

"असू दे," दिशा म्हणाली. त्यानंतर ती दीप्तीशी एक शब्द बोलली नाही.

पुढे दीप्ती बोरिवलीच्या एका मोठ्या संघात गेली, खेळाडूंच्या कोट्यातून बँकेत लागली, गणवेशातले फोटो टाकू लागली. दिशा घरी पलंगावर पडून पायाला वजन बांधायची आणि उचलायची. शंभरदा उचलला की दीप्तीचा एक फोटो बघायची आणि पुन्हा शंभरदा उचलायची. फिजिओथेरपिस्टला वाटायचं, काय जिद्द आहे या मुलीत! जिद्द होतीच. फक्त तिचं तोंड कुणीकडे होतं ते त्याला ठाऊक नव्हतं.

आईला, विमलाला, ते कळत होतं. ती मालवणकडची, शब्द तोलून बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. "गो, किती दिवस त्या चेडवाचे फोटो बघतलंस?" ती एकदा ताट पुढे सरकवत म्हणाली. "तुझो पाय बरो झालो ना? मगे सोड तो विषय."

"सोडला," दिशा म्हणाली आणि फोन उशीखाली सरकवला.

वडील सहदेव बसवर कंडक्टर. ते काही बोलायचे नाहीत. ड्युटीवरून आले की न विसरता तिच्या गुडघ्यावर तेल चोळायचे, तेवढंच.

त्या वर्षी दिशा घाटकोपरच्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती. खेळाडू म्हणून प्रवेश मिळालेला. अभ्यासात ती कधी पुढच्या बाकावर बसणाऱ्यांतली नव्हती. मेकॅनिक्स शिकवायला गार्गी मॅडम होत्या, पार्ल्याहून यायच्या, जेमतेम तिशीच्या. विषयावर जीव असलेल्या. गुडघ्याला पट्टा लावून दिशा प्रयोगशाळेत गेली तेव्हा टेबलावर एअर ट्रॅक मांडलेला होता. भोकं पाडलेली लांब पोकळ पट्टी, आत हवा फुंकली जायची, आणि तिच्यावर छोट्या गाड्या घर्षणाशिवाय तरंगत जायच्या.

"ही हलकी, ही जड," मॅडम म्हणाल्या. जड गाडी त्यांनी मधोमध उभी केली आणि हलकी तिच्यावर सोडली. टक् असा आवाज झाला. हलकी गाडी उलटी परतली, जड गाडी संथपणे पुढे सरकली.

दिशा टेबलाला खेटून उभी राहिली. "म्हणजे हलकीचं काही चालत नाही का मॅडम?"

"असं कोण म्हणालं? जड गाडी हलली ना? संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. वस्तुमान कमी आहे ना तुझ्याकडे? मग वेग वाढव."

मुलं हसली. दिशा हसली नाही. मॅडमनी हलकी गाडी जोरात सोडली. या खेपेला जड गाडी पट्टीच्या टोकापर्यंत गेली.

मग मॅडमनी दोन्ही गाड्यांना समोरून चिकटपट्टी लावली. टक्कर होताच गाड्या एकमेकींना चिकटल्या आणि रेंगाळत निघाल्या. "बघा, हलकीकडे होता तेवढाच संवेग आता दोघींना वाटून घ्यावा लागतोय." त्यांनी चिकटपट्टी काढून छोटी स्प्रिंग बसवली. हलकी आपटून मागे आली आणि जड गाडी आधीपेक्षा खूपच जोरात पळाली.

"असं कसं?" दिशाने विचारलं. "हलकी तर तेवढ्याच वेगाने सोडली होती ना?"

"हाच प्रश्न विचारायला हवा!" मॅडम खूश झाल्या. "चिकटली तेव्हा तिचा संवेग नुसता कमी झाला. आपटून परतली तेव्हा तो उलटा झाला. म्हणजे बदल मोठा. आणि तिचा जेवढा बदल, तेवढाच समोरचीला मिळतो. निसर्ग यात एक कणही इकडचा तिकडे होऊ देत नाही."

दिशाने डोळे मिटले. तिला मैदान दिसत होतं. कबड्डीत हलका खेळाडू जड चढाईपटूला धरायला जातो, मिठी मारतो आणि त्याच्याबरोबर मध्यरेषेपर्यंत फरफटत जातो. तिने असं कितीदा पाहिलं होतं. मिठी मारायचीच नाही. आपटायचं आणि परत यायचं.

"आणि जड गाडी आधीच त्या दिशेला जात असेल तर?"

"तर तिचा आधीचा संवेग आणि तू दिलेला, दोन्हींची बेरीज. समोरून गेलीस तर तिचा वेग तुझ्या विरुद्ध असतो. मागून किंवा बाजूने, ती निघालीच आहे त्या अंगाने धक्का दिलास, तर तिचाच वेग तुझ्या कामी येतो."

पुढच्या तासाला मॅडमनी एक खडू फरशीवर पाडला. त्याचे तीन तुकडे झाले. मग ओढणीची घडी करून फरशीवर ठेवली आणि तेवढ्याच उंचीवरून दुसरा खडू पाडला. तो अख्खा राहिला. "दोन्ही वेळा वेग तोच, संवेग तोच. दोन्ही वेळा तो शून्यच झाला. ओढणीने थांबायला वेळ दिला, फरशीने दिला नाही. वेळ कमी, तेवढं बल जास्त."

दिशाने हात वर केला. "टक्कर होते तेव्हा दोघींना धक्का सारखाच बसतो ना?"

"अगदी सारखा. उलट दिशेने, पण सारखा."

"पण थांबणं सारखं नसतं," दिशा म्हणाली. "एक ओढणीवर थांबेल, एक फरशीवर."

"क्या बात है!" मॅडम म्हणाल्या आणि तिचं वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिलं. वर्गातल्या बाकीच्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

मंडळात परतली तेव्हा दिशा चढाई करायच्या अवस्थेत नव्हती. गुडघा वळताना दगा द्यायचा. प्रशिक्षक विशालदादा तिला राखीवच ठेवणार होता, पण तिनेच हट्ट धरला. "दादा, मला उजवी कव्हर दे."

"तू? डॅश मारायला अंगात वजन लागतं गं. तुला कोणीही उडवेल."

"एक महिना दे. नाही जमलं तर मी आपणहून बसते."

कव्हर म्हणजे कोपऱ्यातल्या खेळाडूच्या आतल्या बाजूला उभी राहणारी बचावपटू. चढाईवाली कोपऱ्यात हात मारायला बाहेरच्या रेषेकडे गेली, की कव्हरने तिला आतून खांदा मारून मैदानाबाहेर घालवायचं. त्याला पोरी डॅश म्हणायच्या. दिशाच्या शेजारी उजव्या कोपऱ्यात सुगंधा खेळायची, आणि सरावाला तीच चढाई करून दाखवायची. महिनाभर दिशाने तिच्यावर डॅश मारल्या. सुरुवातीला उडाली, तोंडावर पडली. मग तिला नेमका क्षण सापडला. समोरचीचा बाहेरचा पाय हवेत असतो, सगळा भार त्या बाजूला झुकलेला असतो, तेव्हा छातीच्या खाली, बरगडीवर खांदा द्यायचा. हात लावायचा नाही. खांदा लागला की स्वतःला मागे झटकायचं.

"बास की गं!" सुगंधा एक दिवस बरगड्या चोळत ओरडली. "सराव आहे हा. माझ्यावर कसला राग काढतेस?"

"तुझ्यावर नाही," दिशा म्हणाली.

सुगंधाने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पाणी प्यायला गेली.

विशालदादाने तिला संघात घेतलं. काटकुळ्या अंगाची पोरगी पासष्ट-पासष्ट किलोच्या मुलींना रेषेबाहेर टाकते म्हटल्यावर बघायला आजूबाजूच्या मंडळांचे लोक येऊ लागले. दिशा त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. ती वाट बघत होती ती अंधेरीच्या स्पर्धेची. उगवती आणि दीप्तीचा बोरिवलीचा संघ, दोन्ही उपांत्य फेरीत पोचले, आणि सामना ठरला.

त्या दिवशी ती सकाळीच अंधेरीला गेली. मॅट अंथरून झालं होतं. एका बाजूला मोकळी जागा होती, तिथे शाळेच्या मुलांना बसायला जाड सतरंज्या टाकल्या होत्या. दुसऱ्या बाजूला पाहुण्यांसाठी एवढं मोठं स्टेज ठोकलं होतं की त्याने मैदानाची जागा खाल्ली होती. स्टेजसमोरचं लोखंडी बॅरिकेड मॅटच्या रेषेपासून जेमतेम दोन पावलांवर आलं होतं. दिशाने बॅरिकेडवर तळवा ठेवून सगळ्या अंगाचा भार टाकला. ते हललं नाही. पायांवर वाळूच्या गोणी होत्या.

ती मॅटवर आपल्या जागी उभी राहिली. या अर्ध्यात उभं राहिलं की उजव्या हाताला सतरंज्या येत होत्या. बाजू बदलल्या की उजव्या हाताला लोखंड येणार होतं.

संयोजकांपैकी एक गृहस्थ तिथे खुर्च्या लावत होते. त्यांना सांगायचं, की काका, हे जरा मागे घ्या, कुणाला तरी लागेल. दोन मिनिटांचं काम होतं. दिशाने त्यांना बाथरूम कुठे आहे ते विचारलं आणि निघून गेली.

संध्याकाळी दिवे लागले. गार्गी मॅडमही आल्या होत्या. आपली विद्यार्थिनी खेळते म्हणून कौतुकाने शाळेच्या मुलांत सतरंजीवर बसल्या होत्या. दीप्तीने नाणेफेकीच्या वेळी दिशाकडे बघून मान हलवली. दिशाने बुटाची नाडी बांधायला घेतली.

नाणेफेकीनंतर पहिल्या हाफला सतरंज्या उजवीकडे आल्या. हाफ अटीतटीचा झाला. हाफ संपत आला तेव्हा दीप्ती चढाईला आली. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." तो आवाज दिशाच्या ओळखीचा, किंचित घोगरा. दीप्ती सरळ उजव्या कोपऱ्याकडे गेली, सुगंधाच्या खांद्याला हात लावला आणि तिचा बाहेरचा पाय उचलला गेला. हवा तो क्षण. महिनाभर ज्याचा सराव केला तो. दिशाचं शरीर पुढे झुकलंसुद्धा.

तिच्या डोळ्यांसमोर सतरंज्या आल्या, त्यांच्यावर मांडी घालून बसलेली मुलं आली. मऊ. इथे पडली तर उठेल, अंग झटकेल, हसेल.

दिशा जागेवरच राहिली. दीप्ती तिच्या समोरून वळली आणि मध्यरेषा ओलांडून गेली. जाताना तिने मागे वळून एकदा दिशाकडे पाहिलं.

"दिशाऽऽ!" विशालदादाचा आवाज मैदानभर गेला. "झोपलीस काय? हातात होती तुझ्या!"

मध्यंतरात त्याने तिला खडसावलं. "गुडघ्याला भ्यायलीस ना? खरं सांग. भीती वाटत असेल तर बस बाहेर."

"नाही भ्यायले. आता मारते."

"तेव्हा का नाही मारलीस?"

दिशा पाण्याची बाटली तोंडाला लावून राहिली. सुगंधा तिच्याकडे बघत होती. मग सुगंधाची नजर पलीकडच्या बाजूला गेली, स्टेजवर, स्टेजखालच्या लोखंडावर, आणि पुन्हा दिशावर आली. "दिशा," ती हळूच म्हणाली, "वेडेपणा नको करूस हां." दिशाने बाटलीचं झाकण लावलं.

बाजू बदलल्या. दीप्ती तीन वेळा आली आणि तिन्ही वेळा डावीकडून परतली. दिशाला घाई नव्हती. वर्षभर थांबली होती. चौथ्या वेळी दीप्ती मध्ये थबकली, डावीकडे जायचा आव आणला आणि झपकन उजव्या कोपऱ्याकडे वळली, कारण सुगंधा त्या कोपऱ्यात कच्ची पडते हे तिला जुन्या दिवसांपासून माहीत होतं. तिने लांब पाऊल टाकलं. हात पुढे, भार पुढे, बाहेरचा पाय हवेत.

दिशा दोन ढांगांत पोचली. खांदा बरगडीवर बसला, तिच्या स्वतःच्या खांद्यापासून मणक्यापर्यंत कळ गेली, आणि तिने स्वतःला मागे झटकलं. ती मॅटवर पाठीवर पडून हातभर घसरली आणि थांबली. दीप्ती मात्र जिकडे निघालेली होती तिकडेच दुप्पट वेगाने गेली. तिला पाय टेकायला जागाच मिळाली नाही.

लोखंडाचा आवाज सगळ्या मैदानाने ऐकला.

पंचांनी शिटी मारून उगवतीला गुण दिला. डॅश नियमात होती, वेळेवर होती, हाताने ढकललं नव्हतं. दिशा उठून उभी राहिली. दीप्ती बॅरिकेडच्या पायाशी कुशीवर पडली होती, डावा हात उजव्या खांद्यावर घट्ट धरलेला, तोंड उघडं, पण आवाज येत नव्हता. दिशाने तिला नीट बघितलं. लाज नाही वाटली. वर्षभर छातीत ओढून धरलेलं काहीतरी सुटलं, आणि तिला चक्क भूक लागली.

दीप्तीची कॉलरबोन मोडली होती. तिला गाडीत घालून नेलं. तिच्यावाचूनही बोरिवलीच्या मुलींनी सामना खेचला आणि एका गुणाने जिंकला. पहिल्या हाफला दीप्ती सुटून गेली होती तेव्हाचाच तो गुण, हे विशालदादाने बोलून दाखवलं. बाकीच्या पोरी रडत होत्या. सुगंधा रडली नाही. तिने पिशवी भरली आणि दिशाच्या जवळून जाताना म्हणाली, "झालं समाधान? आम्ही सगळ्या वर्षभर राबलो ना गं या मॅचसाठी. तुला वाटलं आम्ही फक्त तुझ्यासाठी खेळतोय."

दिशाने आपली पिशवी उचलली. तिने वडापाव घेतला आणि मैदानाच्या फाटकाशी उभी राहून खाल्ला. तिथे गार्गी मॅडम आल्या.

"लागलं का गं तुला?"

"थोडं. खांद्याला."

मॅडम जायला निघाल्या आणि थांबल्या. "मला कबड्डीतलं फारसं कळत नाही. पण पहिल्या हाफला तू तिला जाऊ दिलंस, ते मला दिसलं. मी त्याच बाजूला बसले होते."

दिशाने वडापावचा कागद चुरगळला.

"ते लोखंड तुला आधी दिसलं होतं?"

"सकाळीच."

मॅडमचा चेहरा उतरला. "मी तुला खडू पाडून दाखवला," त्या म्हणाल्या. "वर्गात. सगळ्यांसमोर तुझी पाठ थोपटली."

"तुम्ही शिकवलंत ते बरोबरच होतं मॅडम."

मॅडमनी पर्स खांद्यावर चढवली आणि रिक्षाच्या रांगेकडे गेल्या. त्यानंतरही त्यांनी वर्ग नेहमीसारखाच घेतला, दिशाचे पेपर नीट तपासले, गुणही दिले. पण तिला त्यांनी पुन्हा कधी प्रश्न विचारला नाही, आणि तिने हात वर केला तर त्यांची नजर तिच्या मागच्या बाकावर जायची. दिशाला ते अपेक्षेपेक्षा जास्त लागलं.

मंडळाच्या मुली दीप्तीला भेटून आल्या. दिशा त्यांच्यात नव्हती. ती दोन दिवसांनी एकटीच बोरिवलीला, दीप्तीच्या नव्या घरी गेली. कशाला जातोय हे तिने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. दीप्तीला पडलेलं बघून झालं होतं. आता पडून राहिलेलं बघायचं होतं, असंच काहीसं.

दार दीप्तीच्या आईने, शुभाकाकूने उघडलं. मुलुंडला असताना या बाईने दिशाला शेकडो वेळा जेवू घातलं होतं. "अगं ये ये! बरं झालं आलीस. खेळात लागायचंच, तुला तरी कुठे कमी लागलं होतं?" काकूच्या मनात कसलीही शंका नव्हती. "आलीच आहेस तर हिची वेणी घाल. माझी बोटं आखडलीत, आणि हिला एका हाताने काही करता येत नाही. मी खालून औषधं घेऊन येते."

दीप्ती पलंगावर बसली होती, उजवा हात गळ्यात अडकवलेला. केसांचा नुसता गुंता झाला होता. दिशा तिच्या मागे जाऊन बसली आणि फणी घेतली. दिशाने टोकाकडून गुंता सोडवायला घेतला.

"घट्ट घालू?"

"घाल."

तिने तीन पेड केले. दोन वेढे झाले तेव्हा दीप्ती भिंतीकडे बघत म्हणाली, "मी ऐकली होती शिटी."

दिशाचे हात थांबले. हे शब्द तिने वर्षभर मनात ऐकले होते. तिच्या मनातली दीप्ती ते भर मैदानात म्हणायची, रडत, हात जोडून. ही दीप्ती कोरड्या आवाजात भिंतीला सांगत होती.

"थांबता आलं असतं?"

"आलं असतं."

"मग?"

"मग काय? जागा एक होती आणि तू माझ्यापेक्षा चांगली होतीस. वाटलं, दोन-तीन आठवडे बसशील. गुडघा जाईल असं नव्हतं वाटलं. पण थांबले नाही, हे खरं."

दिशाने पुढचा वेढा घातला. "पहिल्या हाफला मी तुला सोडलं."

"माहितीये. तुझ्याकडे बघितलं ना मी. तेव्हाच कळलं, ही काहीतरी राखून बसलीये."

"तरी त्याच कोपऱ्यात आलीस?"

"सुगंधा कच्ची आहे ना तिथे." दीप्ती खांदे उडवायला गेली आणि कळवळली. श्वास परत आल्यावर तिने विचारलं, "ते लोखंड बघून ठेवलं होतंस?"

"हो."

"मुद्दाम?"

"हो."

दीप्तीने मान हलवली, म्हणजे हलवायला गेली, पण केस दिशाच्या मुठीत होते.

"दुखतंय का?"

"दुखतंय."

दिशाने पकड सैल केली नाही. दीप्तीनेही सैल कर असं म्हटलं नाही.

"किती महिने सांगितलेत?" दिशाने विचारलं.

"चार. मग सराव. तू कव्हरलाच असशील ना?"

"असेन."

"बरं."

लॅच उघडल्याचा आवाज आला. शुभाकाकू औषधांची पिशवी घेऊन आत आली आणि वेणी बघून हसली. "अगंबाई, किती ओढून घातलीस! डोळे ताणले की गं तिचे."

"राहू दे आई," दीप्ती म्हणाली. "मीच सांगितलं."

दिशाने फणीत अडकलेले केस काढून त्यांची गुंडाळी केली, कुठे टाकायची ते काकूला विचारलं आणि हात धुवायला आत गेली.